बोट न लागलेला पंख

बाळांनो, सुजाताआजी गेल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही दोघांनी विचारलं होतं, ती नक्की काय काम करायची? त्या दिवशी ते सांगायचं राहून गेलं. आता महिना उलटून गेला आहे, म्हणून नीट लिहिते.

सुजाता माझी धाकटी बहीण. आम्ही मूळच्या दुसरबीडच्या. मी इंग्रजी शिकवायला बुलढाण्याला आले, ती बंगळूरला विमानांच्या प्रयोगशाळेत गेली. तिथे मोठ्या बोगद्यातून वारा सोडतात आणि त्यात विमानाची लहान प्रतिकृती धरून ठेवतात. पंखावर हवेचा दाब किती, हे पूर्वी बारीक छिद्रं पाडून मोजत. जिथे छिद्र नाही, तिथलं काही कळत नसे. सुजाता पंखावर एक रंग फवारू लागली. निळा प्रकाश पडला की तो लालसर चमकतो, आणि हवेतला प्राणवायू ती चमक मंद करतो. म्हणजे दाब जास्त तिथे प्राणवायू जास्त, म्हणून अंधूक; कमी तिथे उजळ... एका फोटोत अख्खा पंख बोलतो.

आमच्या आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "काऊन वं सुजे, एवढी शिकून भिंतीले रंगच मारून राह्यली का?"

"हाव आई. पण माही भिंत वाऱ्यात उभी राहते."

त्या रंगाला बोट लागलेलं चालत नाही. कातडीचं तेल लागलं की तिथली चमक खोटी होते. सुजाताला इतकी सवय जडली की घरी ताटसुद्धा ती कडेने, दोन तळव्यांत धरायची. आई चिडवायची, "चटका लागते का वं ताटाचा?"

एकदा एका नव्या पंखावर, टोकाजवळ, कुणाच्याही हिशेबात नसलेली उजळ रेघ उमटली. तिचे साहेब म्हणाले, कुणाचं तरी बोट लागलंय. पुढच्या कामाला रंग नको, आपली छिद्रंच बरी. सुजाताची कित्येक वर्षांची मेहनत त्या एका वाक्यात संपत होती. तो पंख तिने स्वतः फवारला होता, स्वतः बसवला होता. ती म्हणाली, "सर, बोट लागलेलं नाही. त्या रेघेवरच छिद्र पाडा." पोलादी पंख, एकदा छिद्र पाडलं की माघार नाही. त्या आठवड्यात फोनवर ती माझ्याशी फक्त भाजीपाल्याबद्दल बोलली...

छिद्र पाडलं. पुन्हा वारा सोडला. रंगाने जो दाब सांगितला होता, तोच छिद्रातून आला. साहेबांनी सगळ्यांसमोर तिला पेढा भरवला आणि पुढच्या प्रतिकृतीला रंग आधी, छिद्रं मागाहून, असं ठरलं. संध्याकाळी फोन आला. "ताई, बोट नव्हतंच." एवढंच बोलून ती कितीतरी वेळ हसत राहिली. मीही.

निवृत्तीनंतर ती माझ्याकडे बुलढाण्यालाच राहिली. तिच्या खोलीतल्या कपाटात रंग फवारलेला पंखाचा एक लहान तुकडा आहे. परवा दुपारी मी खिडक्या लावून घेतल्या आणि तिची निळ्या प्रकाशाची बॅटरी त्यावर धरली. रंग जुना झालाय, पण लाली होती. तिने शिकवल्याप्रमाणे मी हळूच फुंकर घातली. आपल्या उच्छ्वासात प्राणवायू कमी असतो ना, तुकडा उजळला.

तुम्ही याल तेव्हा दोघांनीही फुंकर घालून बघा. फक्त तो कडेने धरायचा.