आप्पांचा पितळी टॉर्च

सोल्डरच्या राळेचा वास आला की वडिलांचा, आप्पांचा, पितळी टॉर्च आठवतो. जुने टॉर्च जमवून त्यांत जोरकस दिवे बसवायचा मला नाद. माझा टॉर्च दाभोळात लावला की वेळणेश्वरचा कोंबडा आरवायचा! आप्पा मात्र आपला टॉर्च दर आठवड्याला परत आणायचे. "मेल्या, बॅटरीचा उजेड पडत नाय. वाढव जरा." मी वाढवत गेलो. एका तिन्हीसांजेला खळ्यात त्यांनी बटण दाबलं आणि आंब्यावरचे कावळे सकाळ समजून उडाले. आप्पांनी झोत स्वतःच्याच तोंडावर धरला. पापणीसुद्धा लवली नाही. "लागली काय रे?" मी म्हटलं, "नाय आप्पा, सेल उतरलेत." आप्पा गेले, तरी त्या टॉर्चमध्ये मी अजून नवे सेल घातलेले नाहीत, जन्मभर मारलेल्या थापांतली निदान तेवढी खरी राहू दे.