विहिरीचं पान

"फॉर्मॅट म्हणजे सगळं पुसणं. तुम्हाला दहा वेळा सांगून झालं," कालिंदी म्हणाली.

"मग काय, उदबत्ती लावून ठेवायचंय का त्याला?" तिच्या नवऱ्यानं, शंतनूनं विचारलं.

कॉम्प्युटर दोन दिवस काळ्या पडद्यावर एकच इंग्रजी ओळ दाखवून थांबत होता. दुकानदारानं फोनवर सांगितलं होतं, नवीन विंडोज टाकून देतो, जुनं काही राहणार नाही. शंतनूला ते सरळ वाटत होतं. कालिंदी दुकानदाराला हो म्हणू देत नव्हती.

आतल्या खोलीत तिचे सासरे, अनंतराव, कान देऊन बसले होते. वय ब्याऐंशी. निजामाच्या राजवटीत उर्दूत शिकलेले, तहसील कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. शहर फुलंब्रीच्या रस्त्यानं पसरत निघालं, प्लॉटिंगवाले बांधाबांधावर फिरू लागले, तसे लोक ट्रंकेच्या तळाचे उर्दू कागद घेऊन सिडकोतल्या या घरी येऊ लागले. अनंतराव भिंगातून वाचत, मराठीत सांगत आणि कालिंदी टाइप करत असे. सहा वर्षं असंच चाललं होतं. आता त्यांना भिंगानंही जेमतेम दिसे, म्हणून ते दिवसाला एकच पान घेत.

फुलंब्रीकडचा कडूबा मागच्या आठवड्यात सहा पानांचं वाटणीपत्र ठेवून गेला होता. त्याच्या आजानं, म्हणजे सांडूनं, भावासोबत केलेलं. त्याची दुसरी प्रत कुठंच नव्हती. सहाव्या पानावर विहीर होती. यंदाच्या दुष्काळात तालुक्यात पाणी राहिलेल्या मोजक्या विहिरींपैकी ती एक, आणि त्या भावाचा नातू, कडूबाचा चुलतभाऊ गोकुळ म्हणत होता, सगळी माझी. गुरुवारी दोघं गावातल्या चार माणसांसमोर बसणार होते. अनंतराव वाचतील ते दोघांनाही मान्य होतं.

"आमी भांडत नाय, वहिनी," कडूबा जाताना म्हणाला होता. "म्हाताऱ्यानं लिहून ठेवलंय. कागद म्हणंल ते खरं."

रविवारी सकाळी सहावं पान टाइप करून कालिंदी शहागंजात गेली. नळाला चार दिवसांआड पाणी, तेही कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून गल्लीतली सगळी घरं तोट्या उघड्याच ठेवत. तिनंही पाइप पिंपात सोडून कुलूप लावलं. शंतनू बापाला डोळे दाखवायला घेऊन गेला होता. पाणी एक दिवस आधी आलं आणि जोरात आलं. पिंप भरून वाहिलं, पाणी खोलीत शिरलं, जमिनीवरच्या यूपीएसमध्ये ठिणगी उडून घरातली वीज गेली आणि चालूच राहिलेला कॉम्प्युटर बंद पडला. टेबलाखाली कापडात बांधलेलं वाटणीपत्र भिजून गेलं. गच्चीवर वाळवल्यावर पहिल्या तीन पानांवर अक्षरं ओळखू येत होती. सहाव्यावर निळसर डाग तेवढे उरले होते.

आता जे काही होतं ते कॉम्प्युटरमध्येच. आणि कालिंदीला एक गोष्ट आठवत नव्हती, जी तिनं कुणालाच सांगितली नव्हती. घरातून निघण्याआधी तिनं सेव्ह केलं होतं का?

मुलीनं, सावनीनं, पुण्याहून फोनवर वाट दाखवली. एक फुकटची सिस्टीम असते, म्हणाली, तिची इमेज फाइल, म्हणजे एका फाइलीत बांधलेली अख्खी सीडी, उतरवून सीडी बनव. कॉम्प्युटर त्या सीडीवरून सुरू होतो आणि आतल्या फाइली दिसतात. फक्त इन्स्टॉलवर बोट नेऊ नकोस, ती डिस्क इन्स्टॉल करायचीच आहे, तुझं सगळं पुसून टाकील.

मंगळवारी वाद तसाच सोडून कालिंदी रिक्षानं औरंगपुऱ्यातल्या सायबर कॅफेत गेली. सातशे एमबीची फाइल उतरायला अडीच तास लागले. ती फाइल तिनं माउसनं ओढून कोऱ्या सीडीवर टाकली, जशी लग्नाचे फोटो टाकायची तशी, आणि घरी आली. सीडी घातली. पडद्यावर तीच ओळ. तिला वाटलं, डिस्कच मेली. तिनं सीडी काढून पुन्हा घातली. पुन्हा तीच ओळ.

 चपला घालून शंतनू दुकानदाराकडे निघाला तेव्हा तिनं दारातच त्याला अडवलं आणि चारपर्यंत थांबा म्हणाली.

कॅफेच्या मालकानं सीडी उघडून पाहिली. आत एकच मोठी फाइल पडली होती. "बाजी, ये तो डब्बा डब्बे में रख दिया आपने," तो म्हणाला. "खोल के बिछाना पड़ता." त्यानं इमेज बर्न करायचा पर्याय दाखवला, वेग सगळ्यात कमी ठेवला आणि शेवटी तपासणीही करून दिली. या वेळी सीडीवर कितीतरी लहान फाइली दिसत होत्या.

घरी परत आली तेव्हा अनंतराव म्हणाले, एवढी धावपळ कशाला, मला पाठ आहे ते पान. सकाळी त्यांनी विहीर निम्मी-निम्मी सांगितली होती. आता म्हणाले, सांडूचा तिसरा हिस्सा. कालिंदीनं दोन्ही ऐकलं होतं. त्यांच्या वाचण्यावर तिनं सहा वर्षांत कधी शंका घेतली नव्हती.

सीडी फिरू लागली. जांभळा पडदा आला, त्यावर दोन चौकोन: वापरून पाहा, इन्स्टॉल करा. तिनं माउस पहिल्यावर नेला, तरी दाबण्याआधी तीन वेळा वाचलं. शंतनू मागं उभा होता. तिनं त्याला टेबलापासून लांब व्हायला सांगितलं, आणि तो झाला.

डिस्क दिसली. कागदपत्रांचा फोल्डर दिसला. सहा वर्षांची सगळी नावं जागेवर होती. कडूबाची फाइल उघडली. पहिलं पान, दुसरं, तिसरं. पाचवं शेवटच्या ओळीपर्यंत पूर्ण. त्याखाली "पान सहा" एवढंच, आणि पुढं कोरं.

ती कितीतरी वेळ खाली सरकवत राहिली.

"निम्मी लिही," शंतनू हलकेच म्हणाला. "बाबा सकाळी तेच म्हणाले. कडूबा खूष, गोकुळलाही अर्धी मिळते. कुणाला कळणार?"

"आणि तिसरा असेल तर?"

"ते बघायला कुणी जिवंत आहे का?"

अनंतराव भिंत धरत दारापर्यंत आले होते. मी सांगतो ना, म्हणाले, लिही तू, तिसरा. मग थांबले. त्यांचे ओठ हलत राहिले, जणू पान समोर धरून ते ओळ शोधत होते. "निम्मा असावा," ते म्हणाले. त्यांच्या तोंडावरची भीती कालिंदीला तिच्या स्वतःच्या भीतीपेक्षा मोठी वाटली.

तिनं पाच पानं पेनड्राइव्हवर घेतली. सीडी काढून पाकिटात घातली.

"उद्या सकाळच्या बसनं मी फुलंब्रीला जाते," ती म्हणाली. "पाच पानं देते, भिजलेले कागद देते आणि नळ मी उघडा ठेवला होता हे दोघा भावांना सांगते. सहावं पान मी लिहिणार नाही. आणि यापुढं या घरात कुणाचे मूळ कागद ठेवून घ्यायचे नाहीत."