दोरस आणि आमची चौकट

या विषयावर लिहावं इतका माझा अभ्यास नाही, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, आणि आयरिश मला धड वाचताही येत नाही. तिच्यातलं एकच नाम मला ठाऊक आहे, दोरस. म्हणजे दार.

ते शिकवलं भाषाशास्त्राच्या आमच्या आयरिश मॅडमनी. "तुमच्याकडे काय म्हणतात?" त्यांनी विचारलं.

"दार."

"मग आपण चुलत भावंडं!"

"म्हणजे भांडणं आलीच," माझ्या तोंडून निघून गेलं. वर्ग हसला.

संस्कृतातलं द्वार, आपलं दार आणि त्यांचं दोरस फार जुन्या एकाच मुळातून आलं. त्यांच्याकडे ते पुल्लिंगी. दाराची किल्ली म्हणताना आपण दारचं दारा करतो, तसं ते दोरसचं दोरिश करतात. अनेक दारं म्हणजे दोर्शे. स्कॉटलंडच्या गेलिकमध्ये दोरसन. आणि जुन्या आयरिशमध्ये दोरस म्हणजे मुळात आत जायची मोकळी जागा. ती बंद करणाऱ्या फळीला निराळा शब्द होता.

हे बाबांना सांगायचं होतं. ते इथे कुवेतात, अम्गऱ्याच्या वर्कशॉपमध्ये लोखंडी दारं जोडतात. पण ते रजा घेऊन कोकणात गेले होते, आमच्या नव्या घराची चौकट बसवायला. आमच्याकडे भिंतींआधी चौकट उभी करतात, नारळ फोडून, आणि भावांनी तिला हात लावायचा असतो. दार माझ्या अंगणात उघडतं, असं म्हणत शेजारच्या थोरल्या काकांनी काम अडवलं होतं. "दादा आला नाही, तर बसवणार नाही," असं सांगून बाबा गेले.

परीक्षेमुळे मी इथे, हवल्लीतल्या आम्हा दोघांच्या खोलीत एकटा राहिलो. सवयीनं चहा दोघांचा टाकायचो. जिन्यात पावलं वाजायची, शेजारचं दार उघडायचं, मिटायचं. आमचं कुणी वाजवलं नाही. मुहूर्ताची वेळ टळून गेली, तरी फोन नाही. मी पुस्तक उघडून नुसता बसलो होतो.

दुपारी आईचा फोन आला.

"काका आले?"

"नारळ फुटला तरी भाऊजी आपल्या अंगणातच उभे. हे चौकट धरून थांबलेले. मग आले तणतणत. म्हणाले, 'वाकडी धरलीयस! कुवेतात हेच करतोस काय रे?'"

"मग?"

"मग काय, त्यांनीच सरळ केली. बसली चौकट. फळ्या तू आल्यावर लावू म्हणतात."