खोड्या सांगून गाडी विकणारा माणूस

दुबईत नोकरीला लागलेल्या माझ्या नातवाला जुनी का होईना, पण वाळूत चालणारी ऐटबाज गाडी हवी होती. मी सोबत गेले. तरुणपणी मी नुसत्या रुबाबाला भुलायचे, नवरासुद्धा मिशी बघून पसंत केला. म्हटलं, आता तरी डोळे उघडे ठेवू.

जुमेरा लेक टॉवर्सच्या पार्किंगमध्ये गाडीचा मालक भेटला. साताऱ्याकडचा, पन्नाशीचा, कायमचा गावी निघालेला. रुमालाने बॉनेट पुसत, लाडक्या लेकीच्या सांगाव्यात तशा तो गाडीच्या खोड्या सांगू लागला.

"उजवा इंडिकेटर दिला की मागची काच खाली येते. वायपर तिच्या मनात आलं की फिरतात."

"अंकल, मग घ्यायची कशाला?" नातू हसला.

"गाड्या मोडून सुटे भाग विकणारे रास अल खोरच्या बाजारात टपून बसलेत रे. तिचे तुकडे होऊ नयेत, एवढंच वाटतं. आज लपवलं, तर उद्या वैतागून तुम्हीच तिथे न्याल."

मग तो ओशाळून म्हणाला, "आजी, पुढची ही सीट आपोआप तापते. बंदच होत नाही."

मी चढून बसले. तोंडावर गार एसी आणि पाठीला ऊब! आखडलेली कंबर सैल झाली. "हीच घे," मी म्हटलं.

"आजी, सीरियसली?"

खरं तर कंबर हे निमित्त होतं. मी पुन्हा भुलले होते, फक्त या वेळी रुबाबाला नाही.

चावी देऊन झाल्यावर त्याने बॉनेटवर थोपटलं आणि गाडीला हळूच म्हणाला, "यल्ला, जा आता. नांदून दाखव."