तळाच्या जागेचा मान

गुरुदासाला घरच्या काजूला मोहोर कधी आला ते विचारू नये, स्कॉटलंडात शनिवारी ऊन होतं की वारा ते विचारावं, असं गोव्यातल्या चोपडे गावात म्हणत. त्याच्या पत्रिकेत मंगळाच्या घरात फुटबॉल पडला आहे, असंही कुणी म्हणे. त्याची बायको विनोदिनी पेडण्याला एका कचेरीत कामाला होती. सकाळच्या बसला उभ्या असलेल्या बायका तिला विचारत, की काय गो, काल तुझ्या घोवाचे ते गोरे पाव्हणे जिंकले की हरले? तीही हसून सांगे, की हरले असणार, कारण रात्रीचं माशांचं हुमण तसंच उरलं. थट्टेत दुष्टावा नव्हता. उलट एक गोष्ट सगळे त्याच्या बाजूने बोलत. बांधावरून तंटा असो की खेळावरून, गुरुदास काय म्हणतो ते विचारा, असं म्हणून माणसं वाद त्याच्यापुढे नेत, आणि त्याने सांगितलेलं निमूट ऐकून घरी जात.

तरुणपणी तो बोटीवर गेला होता. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या अ‍ॅबर्डीन बंदरातून समुद्रातल्या तेलविहिरींवर सामान नेणाऱ्या बोटी सुटतात. त्यांतल्या एका बोटीवर तो आधी भांडी घासायला आणि मग स्वयंपाकी म्हणून राहिला. बोट बंदरात असली आणि शनिवार मोकळा मिळाला, की बरोबरचे गुत्त्याची वाट धरत आणि हा बस पकडून किनाऱ्यावरच्या एखाद्या लहानशा गावी मॅच पाहायला जाई. मोठ्या क्लबांचं वेड त्याला कधी लागलं नाही. त्याला नाद लागला तो तिथल्या हायलँड लीगचा. समुद्रावरून येणारा बोचरा वारा, दोन-तीनशे माणसं, कागदी पेल्यातलं कढत सूप, गोलात उभा असलेला गावातलाच कुणी सुतार आणि त्याला नाव घेऊन शिव्या घालणारी त्याच्याच आळीतली म्हातारी. चोपड्याच्या मळ्यात लहानपणी खेळलेला खेळ त्याला त्या परक्या थंडीत पुन्हा भेटला.

तिथल्या फुटबॉलची उतरंड तो कुणालाही समजावून सांगे. वर चार व्यावसायिक श्रेणी. त्यांच्याखाली प्रादेशिक लीग, उत्तरेला हायलँड आणि दक्षिणेला लोलँड. पूर्वी वरच्या श्रेणींत एकदा नाव लागलेला क्लब कितीही हरला तरी तळाशी बसून राही. खालच्याला वर जायला हक्काची वाट नव्हती. गुरुदास तिकडे असतानाच ती वाट झाली. हंगामाच्या शेवटी उत्तरेचा आणि दक्षिणेचा विजेता एकमेकांशी खेळू लागले, आणि त्यांच्यातला सरस क्लब चौथ्या श्रेणीतल्या शेवटच्या क्लबाशी. त्या मॅचीत शेवटचा हरला, तर तो खाली आणि खालचा वर. ही बातमी आली त्या शनिवारी हायलँड लीगच्या एका मैदानावर म्हातारी माणसं लग्नघरातल्यासारखी एकमेकांना भेटत होती, हे सांगताना गुरुदासाचा आवाज अजून बदलत असे.

वडील गेल्यावर तो परतला. काजूची बाग पाहू लागला आणि काही वर्षांत पेडणे-डिचोलीकडच्या दहा गावांच्या लीगचा चिटणीस झाला. भात कापून झालं की मळ्यांत गोलाचे खांब रोवायचे आणि पावसाआधी नांगर फिरण्यापूर्वी हंगाम आटपायचा, अशी ही लीग. दहा गावं ठरलेली. कुणाच्या आजोबांनी कधी तरी संघ काढला म्हणून नातवाची जागा पक्की. देवळातले मान जसे घराण्यांत चालत येतात, तसेच हे. बाकीच्यांसाठी एक खुली स्पर्धा होती. तिच्यात वाडीवस्तीचे, कारखान्यांचे, ड्रायव्हरांचे संघ खेळत, जिंकणाऱ्याला ढाल मिळे आणि पुढच्या वर्षी पुन्हा तिथूनच सुरुवात.

गुरुदासाने स्कॉटलंडची वाट इथे आणायचं मनावर घेतलं. तीन वर्षं तो प्रत्येक बैठकीत तेच बोलला. महामारीच्या साली तिकडचा हंगाम अर्धवट थांबला, शेवटच्या मॅची झाल्याच नाहीत आणि तळाचा क्लब आयता वर राहिला, तेव्हा तर त्याने चहाच्या हॉटेलात महिनाभर कुणाला सुखाने भजी खाऊ दिली नाही. ज्यांनी वर्षभर घाम गाळला त्यांना दारात आणून परत धाडलं, असं तो म्हणे. अखेर गावांनी मान्य केलं. लीगमध्ये शेवटचा येईल त्याने खुल्या स्पर्धेच्या विजेत्याशी खेळायचं, आणि हरला तर जागा सोडायची. आपलं गाव शेवटचं येईल असं दहांतल्या एकालाही वाटलं नव्हतं, म्हणूनच ठराव इतक्या सहज झाला.

त्यानंतर तो स्वतः मोटारसायकलने नार्वेला गेला. तिथे नदीकाठच्या मळ्यात ड्रायव्हरांचा एक संघ खेळे. त्यांचे बाप सिंधुदुर्गातून खाणींवर ट्रक चालवायला आलेले. खाणी बंद पडल्यावर मुलं चिरे, रेती, गॅसचे सिलिंडर, जे मिळेल ते वाहत होती. तिथेच जन्मली, तिथल्याच शाळेत शिकली, तरी लोक त्यांना भायले, म्हणजे बाहेरचे, म्हणत. धाकू नावाचा एक म्हातारा शेतकरी कापणी झाली की त्यांना आपलं शेत खेळायला देई. संघाचा म्होरक्या महादेव, स्वतः ट्रकवालाच. गुरुदासाने त्याला शेताच्या बांधावर बसून उतरंड समजावली आणि सांगितलं, की जिंकलात तर वर याल, माझा शब्द.

ते जिंकले. खुल्या स्पर्धेत त्यांनी कुणाला उभं राहू दिलं नाही. गणेश म्हणून त्यांचा एक पुढे खेळणारा होता. त्याच्या पायाला चेंडू लागला की पाहणारे बोलायचे थांबत. गोलात अमोल होता.

आणि त्याच हंगामात चोपडे शेवटचं आलं.

गावात कुणी गुरुदासाला वाईट बोललं नाही. गावच्या क्लबाचा अध्यक्ष रुद्रेश एका संध्याकाळी घरी आला, पाटावर बसून मानकुराद आंबा कापून खाल्ला, आणि जाताना एवढंच म्हणाला, की आमचे आजे खेळले त्या जागेवर आता ट्रकवाले यायचे, बघू देवीच्या मनात काय आहे ते. त्याने काही कर म्हणून सांगितलं नव्हतं. पुढचं गुरुदासाला स्वतःलाच सुचलं, आणि हीच गोष्ट नंतर त्याला सगळ्यांत जास्त टोचत राहिली.

शाळेच्या वर्गात भरलेल्या बैठकीत मॅचीची तारीख ठरायची होती. गुरुदास उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, की स्कॉटलंडात खालच्या क्लबाला वर यायचं तर स्वतःचं मैदान लागतं, खेळाडूंना कपडे बदलायला खोल्या लागतात, त्याचा परवाना लागतो. नार्वेचा संघ दुसऱ्याच्या शेतात खेळतो. तेव्हा यंदा मॅच घेता येणार नाही. मैदानाची सोय झाली की पुढे पाहू.

दहांतली सात गावं शेतातच खेळत होती, पण ते कुणी बोललं नाही. सगळ्यांना एकदम आपापलं पुढचं वर्ष दिसलं असावं. तारखेसाठी बोलावलेला महादेव मागच्या बाकावरून उठला.

"गुरुदासबाब, हो नेम थंयचो, काय हयचो?"

"थंयचो."

"मग आमचा काय म्हणणा नाय," महादेव म्हणाला आणि खाली बसला.

त्याने भांडायला हवं होतं, असं गुरुदासाला परतताना शिवोलीच्या पुलावर वाटलं. नियम तिकडचा होता, त्यात खोट नव्हती. पण तिकडे तो हंगाम सुरू व्हायच्या आधी सांगतात, परवाना मिळवायला वेळ देतात. जिंकून आल्यावर काढून दाखवत नाहीत. हे त्या खोलीत एकट्या त्यालाच ठाऊक होतं. आणि महादेवाला एवढंच ठाऊक होतं, की हा माणूस सांगतो म्हणजे तसंच असेल.

गावाने आनंद साजरा केला. ग्रामदेवीला नारळ ठेवला आणि गावकराने गाऱ्हाणं घातलं. गावावर येणारं गंडांतर तू टाळलंस, तुझ्या या लेकराच्या मुखाने तू गावाची लाज राखलीस, तशीच पुढेही राख रे म्हाराजा. जमलेले एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणाले. गुरुदासाच्याही तोंडून ते सवयीने गेलं, आणि चांगलं मोठ्याने गेलं. आपण कशाला होकार भरला हे कळलं तेव्हा प्रसादाचा तुकडा त्याच्या हातात पडला होता. तो त्याला खाववेना, टाकवेनाही. शर्टाच्या खिशात ठेवून तो घरी आला आणि विनोदिनीने शर्ट भिजत घालताना तो काढून गाईला घातला.

पुढचे दोन शनिवार त्याने मोबाइल उघडला नाही. तिकडे ऐन शेवटच्या मॅचींचे दिवस होते. विनोदिनीने विचारलं, आज तुमचा सामना नाही का? तो म्हणाला, नेटवर्क नाही. ती म्हणाली, "शेजारच्यांक बरा मेळता ता." तो उठून विहिरीकडे गेला आणि गरज नसताना चार कळशा पाणी काढून आला.

तिसऱ्या शनिवारी त्याने पाहिलं. प्रादेशिक लीगमधून आलेला क्लब जिंकला होता. व्यावसायिक श्रेणीतला तळाचा क्लब खाली गेला होता. चित्रात जिंकलेली माणसं कुंपणावरून मैदानात उतरत होती. एरवी अशा वेळी तो अंगणात येऊन दोन घरं ऐकतील असा हसे. त्या संध्याकाळी त्याला फक्त मागच्या बाकावर खाली बसलेला महादेव दिसला. एवढ्या दुरून, एवढी वर्षं, ज्या गोष्टीला आपण जीव लावला ती आपल्याच हाताने आपण मोडली, आणि तीही कुणी न सांगता, हे त्याला चित्रातली माणसं ओरडत असताना नीट समजलं.

रविवारी सकाळी म्हापशावरून तो नार्वेला गेला. महादेव घराशेजारी ट्रकखाली आडवा होता, तो बाहेर आला. त्याच्या बायकोने, आनंदीने, खुर्ची आणली, चहा आणला. गुरुदास बसला नाही. तिकडचा नियम आपण अर्धाच सांगितला, उरलेला गिळला, असं त्याने उभ्यानेच सांगितलं. मॅच होईल, धाकूच्या शेतातच होईल, हेही सांगितलं.

महादेव हातांचं तेल फडक्याला पुसत राहिला. मग म्हणाला, "खेळा म्हणान सांगूक तुमी हय इल्लास, तेवा आमी आयकला. खेळू नका म्हणालास, ता पण आयकला. आता परत खेळा म्हणतास."

फडकं त्याने ट्रकच्या पायरीवर टाकलं.

"गणेश गेलो," महादेव म्हणाला. "गुजरातेक, कंटेनरवर. ह्या मॅचीसाठीच म्हणान तो थांबललो. अमोलाकय तेनाच थंय कामाक लावलो. पण खेळतव आमी."

आनंदीने चहाचा कप पुन्हा पुढे केला. गुरुदासाने तो घेतला आणि उभ्याउभ्या, जीभ भाजत, संपवला.

पुढच्या बैठकीत आपल्याला शिव्या बसतील अशी त्याची समजूत होती. त्याने सगळं परत सांगितलं. एकाने विचारलं, की मग त्या दिवशी काय तोंडात विडा होता? त्यावर हशा झाला तेवढाच. चोपड्याचा विरोध होईल म्हणून त्याने रुद्रेशाकडे पाहिलं, तर रुद्रेश सर्वांआधी उठून म्हणाला, की खेळ आहे, खेळायलाच हवा, चोपडे मागे हटणार नाही. बाहेर पडताना त्याने गुरुदासाच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच सांगितलं, की गणेश गेल्याचं आपल्याला आठवड्यापूर्वीच कळलं होतं. गुरुदासाने खांदा काढून घेतला नाही. काढून घ्यायचा हक्क आपल्याला उरला आहे की नाही, हे त्याला ठरवता आलं नाही.

मॅच झाली. आभाळ भरून आलं होतं आणि धाकू बांधावर बसून आता तरी मला नांगर घालू द्या म्हणत होता. नार्वेच्या गोलात एक मागे खेळणारा उभा केला होता. त्याला चेंडू हातांनी अडवायचा असतो हे दर वेळी आठवावं लागत होतं. तरी ती मुलं शेवटपर्यंत धावली. एक गोल त्यांनी केलाही. चोपड्याने दोन केले, दुसरा साईश नावाच्या पोराने, आणि चोपडे लीगमध्ये राहिलं. महादेवाने दोन्हीकडच्या सगळ्यांशी हात मिळवले. गुरुदासाशीही मिळवला, इतरांशी मिळवला तसाच.

गुरुदासाने चिटणीसपण सोडलं. त्याचं कारण त्याने लिहून दिलं नाही, आणि कुणी मागितलंही नाही. गावात मात्र त्याची नवी ख्याती झाली. हा माणूस केवढा खरा, स्वतःच्या गावाविरुद्ध उभा राहिला, आणि देवीने तरी गावालाच दिलं, असं लोक सांगू लागले. ही स्तुती कानावर आली की तो रस्ता बदली. हॉटेलात जाणं त्याने कमी केलं होतं, पण एका सकाळी पाववाला पोदेर घराकडे फिरकला नाही म्हणून उंडे आणायला त्याला जावंच लागलं.

हॉटेलवाला गौरेश त्याच्या वयाचा, शाळेतला सोबती. उंडे कागदात गुंडाळता गुंडाळता तो चारचौघांदेखत म्हणाला, की तू उगाच महिनाभर सुतकात बसलास. मैदान, परवाना काही न काढता सरळ खेळलो असतो तरी हेच झालं असतं. शेवटी जिंकलो ना आपण?

बाकांवरची माणसं हसून गुरुदासाकडे वळली. त्याने उंडे घेतले, पैसे फळीवर ठेवले आणि म्हणाला:

"जिंकाक नाय. तेंचो संघ पुरो होतो तेवा मी तेंका खेळाक देवक नाय."