गायीच्या श्वासातलं ॲसिटोन

महाडच्या एमआयडीसीत मी एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये काम करते. धुतलेली काचेची भांडी लवकर सुकावीत म्हणून आम्ही त्यांत ॲसिटोन फिरवतो. त्याचा गोडसर, नाकात चढणारा वास कपड्यांना चिकटून पोलादपूरजवळच्या आमच्या घरापर्यंत येतो. त्यामुळे घरात कसलाही वास आला, की गुन्हेगार मी, ही रीतच पडली होती.

आईची जर्सी गाय व्याली. बाबा गेल्यावर आईला माणसांत परत आणलं ते याच गायीनं. सुरुवातीला दूध भरपूर दिलं आणि अचानक पेंडीला तोंड लावेना. दूध आटलं, बरगड्या दिसू लागल्या. आईनं मीठमिरच्या ओवाळून दृष्ट काढली. मग तिला गोठ्यात वास आला.

"तुज्या कंपनीचा वास हाय ह्यो. म्हनून ती खात नाय. गोठ्यात पाय ठेवू नको गो."

मला राग आला, पण गाय तिच्यादेखत संपत चालली होती. वाद काय घालणार? रविवारी न्हाले, आईचीच धुतलेली साडी नेसले आणि ती शेतावर गेल्यावर गुपचूप गोठ्यात शिरले. वास होताच. गायीच्या तोंडाशी नाक नेलं. तिच्या श्वासात चक्क ॲसिटोन होतं!

दुधातली साखर बनवायला गायीला ग्लुकोज लागतं. चाऱ्यातून पुरेसं मिळालं नाही, की ती अंगातली चरबी वापरते आणि यकृत त्या चरबीपासून कीटोन नावाचे पदार्थ बनवतं. थोडे असले तर भुकेल्या शरीराला तेच इंधन. फार साचले की भूकच मारतात. त्यांतलंच ॲसिटोन श्वासावाटे बाहेर पडतं. हे सगळं मी परीक्षेपुरतं घोकलं होतं.

जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. लघवीत बुडवलेली पट्टी जांभळी झाली, म्हणजे कीटोन वाढलेलेच होते, आणि मी नाक वर करून आईकडे बघितलं. डॉक्टरांनी शिरेतून ग्लुकोज दिलं, पाजायला औषध दिलं. पट्टीचं कौतुक मला नको, गाय खाईल तेव्हा बोल, असं आईनं सुनावलं.

मंगळवारी संध्याकाळी आई डोक्यावर गवताचा भारा घेऊन गोठ्यात आली. तो खाली टाकायच्या आत गायीनं मान लांबवून त्यातलं गवत ओढलं. मग आणखी एक घास. मला गावभर ओरडत फिरावंसं वाटलं. आई मान ताठ धरून उभी, डोळ्यांतून पाणी चाललेलं. भारा उतरवायला मी पुढे झाले.

"ऱ्हाऊ दे गो," ती हळूच म्हणाली. "खातेय ती."