न मरणारा बेडूक

सात वर्षं वाट बघायला लावून त्या गेमवाल्यांनी आमच्या हातात काय दिलं, तर डोंबल. एखादा गेम फसला म्हणून बाईमाणसाने एवढं चिडू नये, हे कळतं मला. पण माझा भाऊ माझ्याशी पुन्हा धड बोलणार की नाही, हे मी त्या गेमवर सोडलं होतं. मूर्खपणा माझाच, तरी शिव्या त्यांनाच देणार.

नागावला आमची नारळ-सुपारीची वाडी आहे आणि वाडीत पाहुण्यांसाठी चार खोल्या. मी आठवीत नि भाऊ पाचवीत असताना मुंबईचं एक कुटुंब खोलीत हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम विसरून गेलं. बाबांनी फोन केला तर म्हणाले, राहू द्या, मुलाला नवीन घेतलाय. त्यात टोपीवाला एक बेडूक होता. खांबावरून खांबावर उड्या मारत जायचा, आणि खड्ड्यात पडला की मेला. गेम एक, भावंडं दोन. ओढाओढीत एक बटण निखळलं तेव्हा आईने कायदा केला. मेलं की दुसऱ्याला द्यायचं. त्याआधी मागायचं न्हाय, आणि दया आली म्हणून द्यायचंही न्हाय. पुढची कित्येक वर्षं ‘मेलीस, दे’ आणि ‘मेलास, आण इकडे’ एवढ्यावर आमचं भांडणं, चिडवणं, हसणं सगळं चाललं.

बाबा गेले आणि ते बंद झालं. भाऊ पनवेलला नोकरीला. त्याला वाडीतला त्याचा अर्धा भाग हवा होता, दोन कॉटेज बांधायची होती. मी म्हटलं, वाडीचे तुकडे होणार नाहीत. कागद माझ्या सहीवाचून अडले ते अडलेच. खोल्यांचं बुकिंग तो तिकडून बघतो, त्यामुळे बोलणं उरलं फोनवरच्या मेसेजपुरतं. रूम दोनला टॉवेल. गॅस मागव. दोन वर्षं हे असं.

मग यंदा त्याने एक व्हिडिओ पाठवला. सात वर्षांनी बेडकाचा नवीन भाग येतोय. खाली लिहिलं होतं, ‘बघितलंस का ताई?’ त्यातलं ताई मी चारदा वाचलं. व्हिडिओ चाळीसदा तरी पाहिला असेल. बेडूक ढगांवरून उड्या मारतोय, आणि एक घोगरा आवाज सांगतोय, तुमच्या आठवणी परत येत आहेत. माझ्या आठवणी यांनी नेल्या कधी होत्या, देव जाणे. तरी मी भुलले. नवीन यंत्र मागवलं, तेही एकच. शहाणी माणसं दोघांसाठी दोन घेतात आणि आपापल्या घरून खेळतात. आम्हाला दोन घ्यायचं सुचलंही नाही.

खोकं आलं तेव्हा दसरा आठ दिवसांवर होता. आई म्हणाली, “पूजेआधी यंत्राला हात लावायचा न्हाय.” म्हणून ते देवापाशी, नारळाच्या कोयत्याशेजारी बसलं. रोज सकाळी दिवा लावताना मी देवाकडे कमी आणि खोक्याकडे जास्त बघत होते.

दसऱ्याला भाऊ आला. कोयता, मिक्सर, पाण्याचा पंप आणि त्यांच्या रांगेत हळदकुंकू लावलेला गेम. जेवणं झाल्यावर पडवीत बसलो. तो म्हणाला, “मोठी तू. तू सुरू कर.”

सुरुवातीला एक बगळा आला आणि मला उडी मारायला शिकवायला लागला. मला. आठवीपासून मारतेय मी उड्या. एक उडी मारली की फुलं उधळून शाब्बास म्हणायचा. उंटावरचा शहाणा मेला. अर्धा तास त्या बगळ्याचं प्रवचन ऐकल्यावर पहिला खड्डा आला, आणि मी पडले.

भावाचा हात लगेच पुढे आला. “मेलीस, दे.”

तेवढ्यात खड्ड्यातून एक फुगा वर आला. त्यात बेडूक बसलेला, हसत. फुग्याने त्याला अलगद पलीकडे नेऊन सोडलं. भावाने हात मागे घेतला. “न्हाय गं मेला,” तो म्हणाला. “चालू दे तुझं.”

पुन्हा पडले, पुन्हा फुगा. सेटिंग उलटंपालटं केलं, पण फुगा बंद करायची सोयच नाही. कुणाचं मन दुखू नये म्हणून त्यांनी मरणच काढून टाकलं होतं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. चित्रं झकास, पाण्याला चमक, पानापानाला वारा, आणि खेळ म्हणून आत काही नाही.

तास झाला तरी यंत्र माझ्याच हातात. भाऊ शेजारी मांडी घालून बसलेला, आधी बेडकाकडे बघत, मग स्वतःच्या फोनकडे. “मेलीस का?” त्याने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी न्हाय म्हटलं. मग मी पुढे जाणं सोडलं आणि एकाच खड्ड्यात मुद्दाम उड्या टाकायला लागले. दहा, बारा, पंधरा. प्रत्येक वेळी फुगा, प्रत्येक वेळी ते हसू. माझे डोळे भरून आले, रागाने म्हणा हवं तर.

भावाला कळलं मी काय करतेय ते. त्याने माझ्या मनगटावर हात ठेवला. “ताई, राहू दे.”

मग तो उठला, आईच्या हातावर आपट्याचं पान ठेवून पाया पडला, माझ्याही हातावर एक ठेवलं, आणि बाईक काढून उजेड होता तोवर पनवेलला निघाला.

आई पडवीतला पसारा आवरत होती. “त्याला एकदाही दिला न्हाईस,” ती म्हणाली.

“मेलेच न्हाय ना.”

आईने माझ्या हातातल्या यंत्राकडे पाहिलं, मग माझ्या पाठीमागे वाडीकडे. “मग काय,” ती म्हणाली, “मरेस्तोवर धरून बसणार हायेस?”